सांधा बदलताना

रात्रीच्या गाडीत जागं असलेल्या माणसाला स्टेशन जवळ आल्याचं डोळ्यांआधी कानांना कळतं. चाकांचा ठेका मोडतो, डबा किंचित कलतो, खडखडाट होतो आणि मग नवा ठेका सुरू होतो. गाडीनं सांधा बदललेला असतो. हा शब्द मराठीनं रुळांपुरता ठेवला नाही. गप्पा मारता मारता कुणी विषय पालटला, तरी आपण 'सांधा बदलला' म्हणतो. रुळांवरचा सांधा बदलणाऱ्या माणसाला नावही मिळालं, सांधेवाला. त्याच्या कामाचा इतिहास तपासत गेलं, की आजच्या संगणकांच्या एका अगदी आतल्या प्रश्नापाशी पोहोचता येतं. जालना जिल्ह्यातून जाणारा लोहमार्ग ही त्या प्रवासाची चांगली सुरुवात आहे.

जालन्याला हा खडखडाट १९०० च्या सुमारास ऐकू येऊ लागला. निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद असा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग टाकण्यात आला. त्याचं नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. तो चालवणाऱ्या कंपनीचं नाव होतं निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. लंडनमध्ये उभारलेल्या भांडवलावर परतावा मिळेल याची हमी निजाम सरकारनं दिली होती, म्हणून तो 'गॅरंटीड' शब्द. १८९९-१९०० हे मोठ्या दुष्काळाचं साल, मराठवाडा त्यात होरपळला, आणि त्याच काळात हे रूळ जुळत होते. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर ही नावं वेळापत्रकात आली. कापसाच्या गाठी जालन्याहून मीटरगेजनं मनमाडला जायच्या, तिथं उतरवल्या जायच्या आणि जीआयपी रेल्वेच्या ब्रॉडगेज डब्यांत पुन्हा चढवल्या जायच्या. दोन रुळांमधलं अंतर वेगळं, म्हणून एकाच मालाची दोनदा हमाली. 'जालना सोने का पालना' ही म्हण बाजारपेठेच्या ऐश्वर्याची आहे, पण पुढच्या काळात त्या पाळण्याची एक दोरी रेल्वेच्या हातात होती.

मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावरचा धोका लहान मुलालाही समजतो: दोन्हीकडून दोन गाड्या निघाल्या तर काय? हिंदुस्थानातल्या एकेरी मार्गांवर यावर टोकनचा उपाय रुजला. त्यात नील्सचं यंत्र सर्वांत परिचित. शेजारच्या दोन स्टेशनांवर तारेनं जोडलेली दोन यंत्रं, आणि त्यांत धातूचे गोळे. एक गोळा बाहेर काढला की तो दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत कोणत्याही बाजूनं दुसरा निघत नाही. गोळ्यावर त्या दोन स्टेशनांची नावं कोरलेली. पिशवीत घालून, मोठ्या कड्याला अडकवून तो चालकाच्या हाती द्यायचा. गाडी थांबणार नसेल तर फलाटावरच्या माणसानं कडं उंच धरायचं आणि चालत्या इंजिनातून चालकानं ते हातात अडकवून घ्यायचं. गोळा हाती नाही तर पुढं जायचं नाही. या नियमात कुणाच्या स्मरणशक्तीवर भरवसा नव्हता, कुणाच्या शब्दावरही नव्हता. अधिकार हीच एक वस्तू होती, वजन असलेली, आणि ती एका वेळी एकाच हातात असू शकत होती.

स्टेशनाच्या आत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. तिथं रूळ फुटतात, एक फाटा मुख्य मार्गाचा, दुसरा बगलेचा. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे असं झालं तर चालकाला कळायचा काही मार्ग नसतो, कारण तो सिग्नल बघून येतो, रूळ बघून नाही. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यानं १८५६ मध्ये सांध्यांचे आणि सिग्नलांचे दांडे एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा योग्य जागी बसलेला नसेल तर सिग्नलचा दांडा हलणारच नाही, अशी ती रचना. तिलाच इंटरलॉकिंग म्हणतात. आर्माघ इथं १२ जून १८८९ रोजी सहलीच्या गाडीचे डबे मागं घरंगळले आणि सुमारे ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक सक्तीचे केले. रेल्वेचं नियमपुस्तक असं अपघातागणिक जाड होत गेलं आहे.

यातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि सगळ्यात हुशारीचा तोच आहे. सांधा बरोबर बसला, सिग्नल पडला, गाडी आली, इंजिन सांध्यावरून पुढं गेलं. मागचे डबे अजून सांध्यावरच आहेत, आणि सांधेवाल्याला वाटलं की गाडी गेली. त्यानं दांडा ओढला तर पुढची चाकं एका रुळावर आणि मागची दुसऱ्या. हे टाळण्यासाठी रुळाच्या कडेला एक लांब लोखंडी पट्टी बसवत. तिला लॉकबार म्हणत. सांध्याचं कुलूप उघडायचं तर ही पट्टी आधी वर उचलली गेली पाहिजे, आणि रुळावर चाक असेल तर चाकाची कड तिला उठू देत नाही. पट्टीची लांबी चाकांच्या दोन जोड्यांमधल्या मोठ्यात मोठ्या अंतराहूनही जास्त ठेवत, म्हणजे गाडीचा कुठलाही भाग वर असताना एखादं तरी चाक तिच्यावर असणारच. सांधेवाल्याच्या डोळ्यांना काही दिसो न दिसो, गाडीच स्वतः सांगत असे की मी अजून इथं आहे, थांब.

ही पट्टी लक्षात ठेवायची. ती पुढं पुन्हा भेटणार आहे, लोखंडाशिवाय.

विसाव्या शतकाच्या मध्याला हाच प्रश्न संगणकांपुढं आला. सुरुवातीची यंत्रं एका वेळी एक काम करत आणि बाहेरच्या जगाकडे पाहायचंच असेल तर पुन्हा पुन्हा वळून पाहत. दूध उतू जाईल म्हणून दर मिनिटाला झाकण उचलणाऱ्या माणसासारखं. त्याऐवजी कुकरला जशी शिट्टी असते तशी यंत्रालाही द्यावी, काही घडलं की तिनं हाक मारावी आणि चालू काम बाजूला ठेवून यंत्रानं तिकडे बघावं, ही कल्पना १९५० च्या दशकात आली. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या वैमानिकी प्रयोगशाळेत युनिव्हॅक ११०३ यंत्राला पवनबोगद्यातली मोजमापं वेळेवर घेता यावीत म्हणून अशी सोय करण्यात आली. ती पहिल्यांपैकी एक.

नेदरलँड्समध्ये १९५७ च्या सुमारास एक्स-१ नावाच्या यंत्राची आखणी चालू होती. ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन या अभियंत्यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं आणि प्रोग्रॅमर असलेल्या एड्सगर डायक्स्ट्रापुढं ते मांडलं. डायक्स्ट्रानं पुढं लिहून ठेवलं आहे की तो घाबरून गेला. त्याची भीती खरी होती. तोवरची यंत्रं तोच प्रोग्रॅम दिला की तेच उत्तर त्याच क्रमानं देत. चूक झाली तर पुन्हा चालवून पाहता येत असे. इंटरप्ट आला की यंत्र कुठल्याही क्षणी काम सोडून दुसरीकडे जाणार, आणि तो क्षण दर वेळी वेगळा. चूक शोधायची कशी? काही महिने त्यानं विरोध केला. शेवटी तोच कामाला लागला, आणि एक्स-१ चे इंटरप्ट हाताळणारी रचना १९५९ मध्ये त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात आली.

पुढं डायक्स्ट्रानं एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या प्रोग्रॅमना शिस्त लावणारं साधन शोधलं आणि त्याला नाव दिलं सेमाफोर. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हातवाला सिग्नल. त्याच्या दोन क्रियांना पी आणि व्ही ही अक्षरं आहेत. सुरुवातीच्या टिपणात त्यांचे अर्थ डच भाषेत 'पार होणं' आणि 'मोकळं करणं' असे दिले आहेत, आणि हे शब्द रेल्वेच्या सिग्नलांवरून घेतल्याचंही तिथंच नोंदलं आहे. संगणकशास्त्र शिकणारी मुलं आज परीक्षेत सेमाफोर लिहितात तेव्हा ती नकळत सांधेवाल्याचाच शब्द लिहीत असतात. गाडी एका वेळी एकच, गोळा एका वेळी एकाच हातात. तत्त्व तेच आहे.

आपल्याकडे ही हाक घरोघरी पोहोचली ती आयबीएमच्या पीसीबरोबर. १९८१ च्या त्या यंत्रात इंटेलची ८२५९ नावाची चिप होती आणि तिला आठ तारा. घड्याळाला शून्य क्रमांकाची, कीबोर्डला एक क्रमांकाची, फ्लॉपीला सहा, प्रिंटरला सात. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप पहिलीच्या एका तारेला जोडली आणि वापरायला पंधरा उरल्या. नव्वदच्या दशकात गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले, तेव्हा यंत्र जोडणाऱ्या पोरांना हे आकडे तोंडपाठ असत. कारण कार्डावरचा इवलासा जंपर चिमट्यानं उचलून योग्य दांड्यांवर बसवावा लागे. माउस पहिल्या सीरियल पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्यावर लावला की दोघांना चार क्रमांकाचीच तार मिळे. मग मोडेम नंबर फिरवू लागला की माउस गोठत असे. साउंड कार्ड सातवर लावलं तर प्रिंटर रुसे. हे सगळं मार्गाचं भांडण होतं, हाक कुणाची आणि ती कुणाकडे न्यायची याचं. पण तोवर भांडण एकाच घरातलं होतं. चुकलं तर आपलाच माउस अडकायचा.

पुण्यातही या प्रश्नाला एक वेगळंच उत्तर वापरात आलं होतं. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकनं विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिपांवर बांधलेला होता. ट्रान्सप्युटरमध्ये बाहेरच्या हाकेसाठी नेहमीसारखी तारांची रांग नव्हती. बाहेरची घटना म्हणजे एका वाहिनीवर आलेला निरोप, आणि त्या निरोपाची वाट पाहत एक काम झोपलेलं. निरोप आला की ते उठे. कल्पना फार स्वच्छ होती. बाजारात मात्र पीसीची तारांची वंशावळ जिंकली, आणि त्या वंशावळीच्या सगळ्या अडचणी पुढच्या पिढीकडे गेल्या.

त्या अडचणी खऱ्या अर्थानं मोठ्या झाल्या आभासी यंत्रांमुळं. एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं असल्याचा भास निर्माण करायचा, ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिजच्या संशोधन केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० या रूपात चालू लागली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० म्हणून विकायला आली. पीसीच्या जगात तिला वेग आला तो २००० नंतर. फाब्रिस बेलार यानं २००३ मध्ये क्यूएमू आणलं. ते दुसऱ्याच जातीच्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवतं. मीटरगेजची गाडी ब्रॉडगेजवर चालवायची आणि तिला पत्ता लागू द्यायचा नाही, तसं ते काम. मनमाडची हमाली इथं दर सेकंदाला लाखो वेळा होते. २००६ मध्ये अवी किविटी यानं आभासी यंत्रं चालवणारं केव्हीएम जाहीर केलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात सामील झालं. पुढं रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीनं त्यामागची कंपनी विकत घेतली. रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे, आणि आभासी यंत्रांच्या या प्रकल्पांना तिथल्या अभियंत्यांचाही हातभार लागलेला आहे.

आता एक जुना वाडा डोळ्यांपुढं आणावा. दिंडीदरवाजा एक, बिऱ्हाडं बारा. बाहेरून हाक येते ती दरवाजावर. हाक कुणासाठी आहे हे दारावरच्या माणसानं ओळखायचं, त्या बिऱ्हाडापर्यंत न्यायची, आणि त्या घरातली माणसं पूजेला बसलेली असतील तर कडी वाजवायची नाही, पूजा संपेपर्यंत हाक जपून ठेवायची. आभासी यंत्रांना पोटात घेणाऱ्या यजमान यंत्राला हेच करावं लागतं. खऱ्या नेटवर्क कार्डाची हाक खऱ्या प्रोसेसरकडे येते. ती कोणत्या पाहुण्या, म्हणजे आभासी, यंत्राची, त्याच्या कितव्या आभासी तारेवरची, त्याच्या कोणत्या आभासी प्रोसेसरकडे जायची, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं. पाहुण्यानं त्या क्षणी इंटरप्ट बंद करून ठेवले असतील तर गाडी होम सिग्नलबाहेर थांबवतात तशी हाक थांबवावी लागते. एखादी हाक हरवली तर पाहुणं यंत्र तिची वाट पाहत बसतं आणि लोकांना वाटतं सर्व्हर अडकला. एकच हाक पुन्हा पुन्हा दिली गेली तर ते दुसरं काहीच करू शकत नाही.

खरा कस लागतो तो तक्ता बदलताना. पाहुण्या यंत्रातली प्रणाली चालू असतानाच मार्ग बदलते. तिला नवं उपकरण दिसतं, किंवा तिला भार दुसऱ्या प्रोसेसरवर टाकायचा असतो, मग ती हाका वाटणाऱ्या आभासी चिपच्या खणांत नवे आकडे लिहिते. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं हाका येतच असतात, सेकंदाला हजारोंनी, आणि प्रत्येक हाक तो तक्ता वाचत असते. वाचन अर्धं झालेलं असताना ओळ पुसली गेली तर? जुन्या तक्त्याची स्मृती मोकळी करून दुसऱ्या कामाला दिली आणि एखादी हाक अजून तिथंच वाचत असली तर? म्हणजेच पुढची चाकं एका रुळावर आणि मागची दुसऱ्या.

प्रत्येक वाचकाला कुलूप लावायला सांगणं हा एक उपाय आहे, पण मग सगळ्या हाका एका रांगेत उभ्या राहतात आणि यंत्र रांगतं. लिनक्समध्ये यासाठी जी पद्धत वापरतात तिचं नाव आरसीयू. पॉल मॅकेनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती आधी सिक्वेंट कंपनीच्या यंत्रांसाठी घडवली, २००२ मध्ये ती लिनक्समध्ये आली आणि केव्हीएमच्या तक्त्यासाठी तिचाच एक प्रकार वापरला गेला. तिची रीत अशी: चालू तक्त्याला हात लावायचा नाही. बाजूला बसून संपूर्ण नवा तक्ता लिहायचा, तपासायचा. मग एकाच झटक्यात 'तक्ता इथं आहे' असं सांगणारी खूण नव्याकडे वळवायची. यापुढं येणारी हाक नवा तक्ता वाचेल. आधी आत शिरलेल्या हाका जुनाच वाचत राहतील, त्यांना वाचू द्यायचं. त्यातली शेवटची बाहेर पडेपर्यंत वाट पाहायची, आणि त्यानंतरच जुना तक्ता फाडायचा. ही वाट पाहणं म्हणजे तीच लोखंडी पट्टी. चाक वर आहे तोवर कुलूप उघडणार नाही. मॅकेनीला जालना-परतूर मार्गावरचे लॉकबार ठाऊक असण्याचं कारण नाही. प्रश्नाचा आकार तोच असल्यानं उत्तराचाही तोच आला.

तक्त्यात काय लिहिलं जातं यावरही पहारा लागतो. आभासी चिपला २४ खण असतात. पाहुण्या प्रणालीनं पन्नासावा खण मागितला तर? प्रामाणिक प्रणाली मागणार नाही, पण भाड्याच्या यंत्रात कोण बसलं आहे हे यजमानाला ठाऊक नसतं. केव्हीएममध्ये खण क्रमांक २४ च्या आत आहे का, ही तपासणी लिहिलेली होती. मात्र ती चाचणीपुरत्या खुणेच्या रूपात होती आणि रोजच्या वापरासाठी तयार होणाऱ्या आवृत्तीत ती वगळली जात असे. २०१३ मध्ये गूगलच्या अँड्र्यू होनिग यानं हे उघडकीला आणलं. हद्दीबाहेरचा क्रमांक देऊन पाहुण्याला यजमानाच्या स्मृतीत डोकावता येत होतं किंवा अख्खं यंत्र पाडता येत होतं. दुरुस्ती काही ओळींची निघाली: क्रमांक हद्दीबाहेर असेल तर काहीच न वाचता ठरावीक निरर्थक उत्तर द्यायचं. नियम नकाशावर होता, दांड्याला कुलूप मात्र बसवलेलंच नव्हतं, असा तो प्रकार.

दुसरी घटना २०११ ची. नव्या उपकरणांत तारा उरल्याच नाहीत. उपकरण स्मृतीतल्या एका विशिष्ट पत्त्यावर एक आकडा लिहितं आणि तोच इंटरप्ट ठरतो. सोय मोठी झाली, पण पत्त्यावर कुणीही लिहू शकतं. राफाल वोइत्चुक आणि योआना रुत्कोव्स्का यांनी दाखवून दिलं की एखादं खरं उपकरण पाहुण्या यंत्राच्या ताब्यात दिलं, तर तो पाहुणा त्या उपकरणाकडून हवा तो आकडा लिहवून थेट यजमानाला खोटी हाक देऊ शकतो. बिऱ्हाडकरूनं दिंडीदरवाजाचीच घंटा आतून वाजवली. यावर इलाज हार्डवेअरमध्येच होता: उपकरणानं लिहिलेला आकडा जसाच्या तसा मानायचा नाही, यजमानानं आधी भरून ठेवलेल्या तक्त्यात शोधायचा, तो आकडा त्याच उपकरणाचा आहे याची खात्री करायची आणि मगच पुढं सोडायचं. टोकनच्या गोळ्यावर स्टेशनांची नावं कोरायचं कारण हेच होतं. शेजारच्या टप्प्याचा गोळा दाखवून या टप्प्यात शिरता येऊ नये.

यंत्रांच्या या गोष्टीत माणसं मरत नाहीत म्हणून ती दूरची वाटते. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात ती दूरची राहिली नाही. कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा बगलेच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली, घसरलेले डबे पलीकडून जाणाऱ्या बेंगळुरू-हावडा एक्स्प्रेसला लागले, आणि २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनं बोट ठेवलं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांवर, आधी आणि त्या दिवशी फाटकाच्या कामात. इंटरलॉकिंग इलेक्ट्रॉनिक होतं, आधुनिक होतं. दांड्यांची जागा तारांनी घेतली होती आणि तारा बदलताना, बदललेल्या तारांचा अर्थ आणि रुळाची खरी जागा यांतला दुवा निसटला. सॅक्सबीनं १८५६ मध्ये जी गोष्ट अशक्य करून ठेवली होती, ती दुरुस्तीच्या एका कामानं शक्य केली.

जालन्याचा मार्ग १९९० च्या दशकात मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. मनमाडची हमाली संपली. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा २००३ नंतर रेल्वेच्या नांदेड विभागात आला. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तिची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याहून मोठी बातमी कमी लोकांपर्यंत पोहोचली. गाड्यांची टक्कर आपोआप टाळणारी 'कवच' ही भारतीय प्रणाली देशात सर्वांत आधी ज्या दक्षिण मध्य रेल्वेवर मोठ्या प्रमाणात बसवली गेली, त्यात मनमाड-मुदखेड-निजामाबाद हा पट्टा आहे, आणि जालना, परतूर ही स्टेशनं त्याच पट्ट्यात आहेत. रुळांवर ठरावीक अंतरानं बसवलेल्या खुणा इंजिन वाचतं, स्टेशनाशी रेडिओवर बोलतं, आणि धोका दिसला की चालकाची वाट न पाहता ब्रेक लावतं. या पेट्यांच्या आत संगणक आहेत. खूण दिसली, निरोप आला, ही प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी वेळेत पोहोचायलाच हवी अशी हाक आहे. रेल्वेनं डायक्स्ट्राला उसना दिलेला शब्द सहा दशकांनी जालन्याच्या रुळांवर परत आला, तो असा.

भोकरदनच्या किंवा मंठ्याच्या शेतकऱ्याचा या आतल्या कारभाराशी संबंध नाही असं समजू नये. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सरकारी आणि बँकांच्या अशा सेवा आज मोठ्या प्रमाणावर आभासी यंत्रांवर चालतात, एका लोखंडी पेटीत अनेक बिऱ्हाडं. पीककर्जाच्या मुदतीच्या आठवड्यात तो उतारा वेळेवर उघडतो की नाही, शेजारच्या बिऱ्हाडातल्या खोडसाळाला तो दिसतो की नाही, हे काही अंशी कुण्या अभियंत्यानं तक्ता बदलताना शेवटची हाक बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली का यावर ठरतं.

जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना सेमाफोर फळ्यावर शिकवतात. त्याच शहरात, स्टेशनावर, तो शब्द ज्या धंद्यातून आला त्या धंद्याची जागा आहे. मीटरगेजच्या काळात कडं झेललेले चालक, कॅबिनमध्ये दांडे ओढलेले आणि पावसात कंदील घेऊन सांध्याशी उभे राहिलेले लोक आता वयानं फार मोठे झाले आहेत. गेज बदलून तीसेक वर्षं झाली. कोणता दांडा कोणत्या दांड्याला अडवत असे, गोळा यंत्रात अडकला तर काय करत, चाक वर आहे हे पट्टी कशी सांगे, हे ते अजून हातवारे करून सांगू शकतात. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर इथल्या ज्या घरांत अशी माणसं आहेत, त्या घरांतल्या शिकत्या मुलांनी त्यांच्यापाशी वही घेऊन बसावं आणि हे याच वर्षी उतरवून घ्यावं.